मठाच्या दालनातील नाटकगृह

लंडन शहरात सेंट पॉलच्या भव्य चर्चपासून थेम्स नदीच्या रोखाने खाली उतरत गेले म्हणजे 'प्लेहाउस यार्ड' या नावाची एक लहानशी गल्ली लागते. तेथे नाटकगृह नाही. पूर्वी नाटकगृह होते, एवढेच ते नाव सांगते. त्याच परिसराचे दुसरे नाव 'ब्लॅकफ्रायर्स' असे आहे, म्हणजे काळ्या झग्याचे धर्मबंधू. नाटकाची गल्ली आणि धर्मबंधूंची वस्ती ही दोन नावे एकमेकांना खेटून कशी बसली, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे आणि काहीशी दुःखदही आहे.

संत डॉमिनिक यांच्या संघाचे बंधू इंग्लंडात १२२१ साली आले. पांढऱ्या झग्यावर ते काळा झगा पांघरीत, म्हणून लोक त्यांना 'काळे बंधू' म्हणू लागले. त्याच संघातले रॉबर्ट किलवर्डबी हे कँटरबरीचे आर्चबिशप असताना, तेराव्या शतकाच्या शेवटच्या पावात, या बंधूंना नदीकाठची ही विस्तीर्ण जागा मिळाली. तेथे त्यांनी चर्च, विहार, भोजनशाला, अतिथिगृह अशी दगडी वास्तू उभारली. भिक्षाव्रत घेतलेल्या या मंडळींचा मठ हळूहळू राजदरबाराचेही कामाचे ठिकाण झाला, कारण एवढी मोठी दालने शहरात दुसरीकडे फारशी नव्हती. वरच्या मजल्यावरच्या थोरल्या दालनास तर 'पार्लमेंट चेंबर' असेच म्हणत. १५२३ साली पार्लमेंट ब्लॅकफ्रायर्समध्ये भरले तेव्हा सभापतीच्या आसनावर सर थॉमस मोर होते. ज्यांना पुढे राजाशी मतभेद झाल्यामुळे प्राणास मुकावे लागले आणि ज्यांना चर्चने १९३५ साली संतपद दिले, तेच हे मोर.

याच दालनात १५२९ च्या जून महिन्यात एक असा खटला चालला की ज्याने इंग्लंडचा इतिहास फिरविला. राजा आठवा हेन्री यास आपला विवाह रद्दबातल ठरवून हवा होता. पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल काम्पेजिओ व कार्डिनल वुल्सी न्यायासनावर बसले. राणी कॅथरिन सभेत आली, न्यायाधीशांकडे पाठ करून तिने सरळ राजापुढे गुडघे टेकले, आपली बाजू मांडली, रोमकडे दाद मागितली आणि ती चालती झाली. मागून तिचे नाव पुकारले गेले तरी ती परत फिरली नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नवे पार्लमेंट बोलावण्यात आले. त्याचा आरंभही ब्लॅकफ्रायर्समध्येच, चर्चमधील पवित्र मिस्साने झाला. आणि त्याच पार्लमेंटने १५३६ साली लहान मठ बरखास्त करण्याचा कायदा केला! ज्या घरी पाहुणचार घ्यावा त्याच घराच्या मुळावर उठावे, असा हा प्रकार झाला.

१५३८ च्या नोव्हेंबरात ब्लॅकफ्रायर्सचा मठ राजाच्या स्वाधीन झाला. शेवटचा प्रमुख जॉन हिल्सी हा मनाने राजपक्षाचाच होता, त्यामुळे प्रतिकार असा झालाच नाही. बंधू पांगले. काही वर्षांनी मठाचा पुष्कळसा भाग सर थॉमस कावर्डन या सरदाराकडे आला. हे गृहस्थ राजवाड्यातील खेळतमाशांचे अधिकारी होते, म्हणजे सोंगे, मुखवटे, तंबू, कनाती यांचे कोठीवाले. बंधूंच्या इमारतींत त्यांनी हे सामान भरले. शेजारचे संत ॲनचे चर्च त्यांनी पाडूनही टाकले. पुढे मेरी राणीच्या राज्यात कॅथलिक धर्म काही काळ परत आला तेव्हा त्यांना पॅरिशच्या लोकांसाठी एक वरची खोली मोकळी करून द्यावी लागली.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. "नाटकवाल्यांनी देवाचे घर बळकावले" असे जे सरसकट म्हटले जाते, ते खरे नव्हे. घर उजाड केले ते राजाने व सरदारांनी. नाटकवाले तेथे पोहोचेपर्यंत एक पिढी निघून गेली होती आणि मठाच्या दालनांत भाडेकरू नांदत होते. मी स्वतः कॅथलिक आहे. मठांची ती लूट वाचताना मन कळवळते, हे मी लपवीत नाही. परंतु दोष ज्याचा त्याच्याच पदरी घातला पाहिजे.

नाटकाचा पहिला प्रवेश झाला तो शिक्षणाच्या मिषाने. रिचर्ड फॅरंट हे राजाच्या चॅपेलमधील गायक मुलांचे शिक्षक होते. त्यांनी १५७६ साली मठातील काही खोल्या भाड्याने घेतल्या. मालकाची समजूत अशी की येथे मुलांना शिकवावयाचे आहे. प्रत्यक्षात मुलांकडून नाटके करवून पैसे देणाऱ्या प्रेक्षकांस ती दाखविण्यात येऊ लागली. मालकाने पुढे कुरकुर केली ती हीच, की शिकवणीच्या नावाखाली याने कायमचे नाटकघर थाटले. १५८४ पर्यंत हा उद्योग चालला आणि बंद पडला.

खरा पराक्रम जेम्स बर्बेज यांचा. हे मूळचे सुतार, पुढे नट आणि नाटकगृहाचे मालक. लंडनच्या वेशीबाहेर त्यांचे उघड्या छपराचे नाटकगृह होते, पण तेथल्या जमिनीचा करार संपत आला होता. हिवाळ्यात पावसाथंडीत उघड्यावर प्रेक्षक तरी किती येणार? त्यांची नजर या दगडी दालनावर गेली. ब्लॅकफ्रायर्स हे शहराच्या तटाच्या आत होते, पण मठाच्या जुन्या हक्कामुळे नगरपालिकेची सत्ता तेथे चालत नसे. नगरपित्यांना नाटके मुळीच खपत नसत. म्हणजे मठ गेला तरी मठाला मिळालेले स्वातंत्र्य मागे उरले आणि त्याचा लाभ नटांना झाला. १६०८ साली तो हक्क शहराकडे गेला, तोवर नाटकगृहाने चांगली मुळे धरली होती.

१५९६ च्या फेब्रुवारीत बर्बेज यांनी ६०० पौंड मोजून थोरले दालन व लगतच्या खोल्या विकत घेतल्या. दालनात रंगमंच, बाके आणि सज्जे बसविले. तोच नोव्हेंबरात शेजाऱ्यांचा अर्ज राजमंडळाकडे गेला. अर्जावर ३१ सह्या. पहिली सही लेडी एलिझाबेथ रसेल यांची. सर्वांत विलक्षण म्हणजे दुसरी सही लॉर्ड हन्सडन यांची, जे बर्बेज यांच्याच नाटकमंडळीचे आश्रयदाते होते! सह्यांमध्ये रिचर्ड फील्ड हा मुद्रकही होता. तो शेक्सपिअरच्याच गावचा, आणि शेक्सपिअरची पहिली काव्ये त्यानेच छापली होती. पुस्तक छापावयाचे, पण नाटक मात्र आपल्या दाराशी नको! अर्जातील कारणे पाहिली तर ती आजही ओळखीची वाटतील. गर्दी होईल, उडाणटप्पू लोक जमतील, साथीचा रोग पसरेल. आणि शेवटचे कारण असे की, नाटकगृह चर्चच्या इतके निकट आहे की ढोल व कर्णे यांच्या आवाजाने उपासनेत व्यत्यय येईल. राजमंडळाने मनाई केली. सारी पुंजी घालून बसलेले बर्बेज दोन-तीन महिन्यांतच, १५९७ च्या आरंभी, वारले. तयार नाटकगृहात त्यांना एकही खेळ पाहावयास मिळाला नाही.

१६०० साली त्यांचा मुलगा रिचर्ड याने ते हेन्री इव्हान्स नावाच्या इसमास वर्षाला ४० पौंड भाड्याने दिले. पुन्हा मुलांची मंडळी उभी राहिली. मोठ्या नटांना ज्या वस्तीने अटकाव केला, तिला मुलांची नाटके मात्र चालली. त्यांचे खेळ क्वचित होत, श्रोते निवडक असत आणि वर चॅपेलचे नाव होते. परंतु या पडद्यामागे जे चालले होते ते कळल्यावर शिक्षकाच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माणसास राग आल्यावाचून राहत नाही.

राजाच्या चॅपेलसाठी चांगल्या गळ्याची मुले सक्तीने नेण्याचा अधिकार तेथील गुरुजींना होता. प्रार्थनेत गाण्यासाठी दिलेला हा अधिकार या लोकांनी नाटकासाठी वापरला. १६०० च्या डिसेंबरात तेरा वर्षांचा थॉमस क्लिफ्टन हा मुलगा शाळेत जात असता वाटेतच धरून ब्लॅकफ्रायर्सला नेण्यात आला. मुलाचे वडील, नॉरफोकचे हेन्री क्लिफ्टन, धावत आले. त्यांच्यादेखत मुलाच्या हातात नाटकातील भाषणाचा कागद देण्यात आला आणि पाठ न केल्यास फटके मिळतील अशी तंबी देण्यात आली. वडील वजनदार गृहस्थ होते, म्हणून दीडएक दिवसात मुलगा सुटला. त्यांनी तेवढ्यावर न थांबता पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायसभेत फिर्याद केली आणि अशा रीतीने नेलेल्या इतर मुलांची नावेही तीत दिली. बहुतेक मुले वेगवेगळ्या शाळांतली अथवा कारागिरांकडे उमेदवारी करणारी होती. इव्हान्स यास न्यायसभेने दोषी ठरविले. पण ज्यांचे बाप वजनदार नव्हते त्या मुलांचे काय? त्या यादीतला सालमन पेव्ही नावाचा मुलगा म्हाताऱ्याचे काम इतके हुबेहूब करी की लोक थक्क होत. तो जेमतेम तेरा वर्षांचा होऊन वारला. बेन जॉन्सनने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, म्हणून त्याचे नाव तरी राहिले.

आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांतही मुले असत, स्त्रियांची कामे मुलगेच करीत, आणि घरातून पळून जाऊन मंडळीत दाखल झालेल्यांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. पळून जाणे निराळे आणि पळवून नेणे निराळे.

मुलांच्या या मंडळीने पुढे राजकारणावर टीका करणारी नाटके धरली. १६०८ साली एका नाटकाने फ्रान्सच्या वकिलाचा रोष ओढवून घेतला, आणि इव्हान्सने आपला करार परत केला. त्या ऑगस्टात रिचर्ड बर्बेज याने सात भागीदार करून नाटकगृह स्वतःच्या मंडळीकडे घेतले. त्या सातांपैकी एक विल्यम शेक्सपिअर होता. प्लेगमुळे खेळ सुरू व्हावयास आणखी वर्षभर लागले. त्यानंतर मंडळीचा क्रम ठरून गेला: उन्हाळ्यात नदीपलीकडचे उघडे 'ग्लोब', हिवाळ्यात ब्लॅकफ्रायर्सचे बंदिस्त दालन.

आता या दालनाने नाटकाला काय दिले ते पाहू, कारण खरा अभ्यासाचा भाग हाच आहे. दालन ६६ फूट लांब आणि ४६ फूट रुंद होते. 'ग्लोब'मध्ये तीन हजारांच्या आसपास प्रेक्षक मावत, येथे सहाशे-सातशे. तेथे अंगणात उभे राहावयास एक पेनी पडे. येथे सर्वांत स्वस्त जागाच सहा पेन्स. म्हणजे हमाल, खलाशी, कारागिरांकडची उमेदवार मुले यांना हे दार बंदच झाले. ही गोष्ट मला खटकते, पण तिजोरीच्या दृष्टीने बर्बेज यांचा हिशेब अचूक ठरला. १६३० च्या सुमारास येथील एका खेळाचे उत्पन्न 'ग्लोब'च्या दुपटीहून अधिक भरत असे.

उजेडाचा प्रश्न मोठा होता. खेळ दुपारी होत, पण हिवाळ्यात लंडनला दुपार कसली! वरून टांगलेल्या झुंबरांत मेणबत्त्या लावीत. मेणबत्तीची वात ठराविक वेळाने कातरली नाही तर काजळी धरते, धूर होतो आणि उजेड मंदावतो. म्हणून अंक संपला की खेळ थांबवावा लागे, नोकर वाती कातरून नीट करीत आणि तेवढ्या वेळात वादकांनी संगीत वाजवावयाचे. उघड्या नाटकगृहात नाटक सलग चाले; अंकामागे विश्रांती ही चाल या दालनातून पक्की झाली. पुढे तीच 'ग्लोब'नेही उचलली. आपण नाटकाच्या पुस्तकात 'अंक पहिला', 'अंक दुसरा' असे वाचतो तेव्हा ग्रंथकाराची शिस्त आठवते. मेणबत्तीची वात कोणाला आठवते?

दुसरा परिणाम आवाजाचा. दगडी भिंतींच्या बंद दालनात बोललेला शब्द कानाकोपऱ्यात पोहोचतो. नटाला ओरडावे लागत नाही. कर्णे व नगारे येथे कर्कश वाटत, त्यांच्या जागी तंतुवाद्ये व बासऱ्या आल्या. मुलांच्या मंडळीचे वाद्यवृंद मूळचेच नामांकित होते, आणि खेळाच्या आधी ऐकावयाच्या त्यांच्या वादनासाठी लोक लवकर येत. शेक्सपिअरचे 'टेंपेस्ट' हे १६११ चे नाटक पाहावे. त्यात बेटभर सूर भरलेले आहेत, गाणी आहेत, हलक्या स्वराने बोलण्याच्या जागा आहेत. हे नाटक राजवाड्यात खेळले गेल्याची नोंद आहे, पण त्याची घडण पाहता लेखकाच्या मनासमोर हे मेणबत्त्यांचे दालन होते, असे विद्वान मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले, तेव्हापासून बंदिस्त नाटकगृहात गाणे ऐकण्याची सवय आपल्याला झाली. तिची खुमारी मराठी रसिकास वेगळी सांगावयास नको.

श्रीमंत शौकिनांची एक खोड मात्र नटांना जाचत असे. जादा पैसे भरून ते रंगमंचावरच तिवई टाकून बसत आणि नाटकापेक्षा स्वतःचा पोशाखच दाखवीत. आपल्याकडे पहिल्या रांगेतले मानकरी उशिरा येऊन सर्वांचे लक्ष वेधून घेतात, ते निदान रंगमंचाखाली असतात!

आता त्या खटल्याकडे परत येऊ. १६१३ साली शेक्सपिअर व फ्लेचर यांचे 'आठवा हेन्री' हे नाटक मंडळीने बसविले. २९ जून रोजी त्याच नाटकात उडविलेल्या तोफेची ठिणगी गवती छपरावर पडून 'ग्लोब' जळाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु त्यात राणी कॅथरिनच्या खटल्याचा जो प्रवेश आहे, त्याचे स्थळ नाटकातच 'ब्लॅकफ्रायर्स' असे आहे. राणी जेथे खरोखर गुडघे टेकून बोलली ते दालन, तो प्रसंग वठविणाऱ्या मंडळीच्याच मालकीचे होते. राणीची भूमिका एखादा मुलगा करीत असणार. चौऱ्याऐंशी वर्षांनी तिची कैफियत इंग्रज प्रेक्षकांपुढे पुन्हा मांडली गेली, आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडातील त्या नाटककारांनी या कॅथलिक राणीस दिलेला मान अजिबात उणा नाही. मठ गेला, पण तिचे बोलणे ऐकावयास पुन्हा लोक जमले ते नटांमुळे, हे मला मान्य करावे लागते.

त्याच वर्षी मार्चमध्ये शेक्सपिअरने मठाच्या जुन्या देवडीवरचे घर १४० पौंडांस खरेदी केले होते. या घराची ख्याती अशी की तेथे चोरवाटा होत्या आणि बंदी असलेले कॅथलिक धर्मगुरू तेथे लपत. ब्लॅकफ्रायर्सच्या हद्दीत जुना धर्म असा आडोशाने जिवंत होता. १६२३ च्या ऑक्टोबरात, एका रविवारी, फ्रेंच वकिलाच्या निवासातील वरच्या खोलीत तीनशेहून अधिक कॅथलिक लोक जमले होते. जेझुइट फादर रॉबर्ट ड्रुरी प्रवचन करीत असता तुळई मोडून जमीन खचली आणि धर्मगुरूंसह नव्वदांहून अधिक माणसे ठार झाली. मठाच्या थोरल्या, मजबूत दालनात नाटके होत होती. आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो मठ पोसला, ते हाकेच्या अंतरावर कमकुवत माळ्यावर दाटीवाटीने प्रार्थना करीत होते. या इतिहासातली खरी बोचणारी गोष्ट ही आहे. तिचा जाब मात्र त्या वेळच्या कायद्याला विचारावयाचा आहे; नाटकाचा त्यात अपराध नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. गाड्यांच्या गर्दीमुळे शेजारी पुन्हा पुन्हा तक्रार करीत राहिले. १६३३ साली तर गाड्या कोठे उभ्या कराव्या याचे हुकूम राजमंडळास काढावे लागले. पहिल्या चार्ल्सची राणी हेन्रिएटा मारिया येथे नाटक पाहावयास येत असे, तीही कॅथलिकच. १६४२ साली पार्लमेंटने सर्व नाटकगृहे बंद केली, आणि १६५५ च्या ऑगस्टात हे दालन पाडून त्या जागी भाड्याच्या चाळी उठविण्यात आल्या. १६६६ च्या मोठ्या आगीत उरलेसुरले गेले.

धर्मवास्तूचा उपयोग बदलण्याविषयी चर्चची आजची भूमिका काय, असे कोणी विचारील. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील १२२२ वे कलम सांगते की, उपासनेस निरुपयोगी झालेले चर्च बिशप लौकिक वापरासाठी मोकळे करू शकतात, मात्र तो वापर हीन नसावा. नाटक व संगीत हे हीन वापरात मोडत नाही, असे माझे मत आहे. लंडनमध्येच याचे आपल्या ओळखीचे उदाहरण आहे. वेस्ट केन्सिंग्टन भागातील भारतीय विद्या भवनाचे केंद्र एका जुन्या चर्चच्या वास्तूत आहे; आपल्या कर्नाटकातील मत्तूर गावचे मत्तूर कृष्णमूर्ती यांनी ते पुष्कळ वर्षे चालविले, आणि जेथे इंग्रज ख्रिस्ती स्तोत्रे म्हणत तेथे आता भरतनाट्यम् व हिंदुस्थानी गायन शिकविले जाते. लूट होऊन गेलेली वास्तू आणि रीतसर हस्तांतर झालेली वास्तू यांत केवढे अंतर!

याउलट जुन्या गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज सरकारने १८३५ साली तेथील पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. संत ऑगस्टिनचा प्रचंड मठ ओस पडला, १८४२ साली चर्चची कमान कोसळली, १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. शहरच उठून गेल्यामुळे तेथे ना नाटकवाला आला ना भाडेकरू. आज ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा एक सुळका तेवढा उभा आहे.

ब्लॅकफ्रायर्सची नक्कल मात्र दूरदेशी उभी राहिली आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन या गावी २००१ साली जुन्या मापांच्या अंदाजाने ते नाटकगृह पुन्हा बांधण्यात आले, आणि लंडनमध्ये नव्या 'ग्लोब'शेजारी २०१४ साली मेणबत्त्यांच्या उजेडात खेळ करणारे एक लाकडी नाटकगृह उघडले. मूळ जागी काय उरले आहे? आयर्लंड यार्ड नावाच्या बोळात, संत ॲनच्या जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, बंधूंच्या मठाच्या भिंतीचा एक लहानसा तुकडा दिसतो. तेथून प्लेहाउस यार्ड काही पावलांवर आहे.